लिंबूटिंबू आणि गडी : भिन्न विकासक्रमाच्या मुलांसाठी सांघिक खेळ

मराठी मुलांच्या खेळांत एक जुना संकेत आहे. खेळावयास जमलेल्या मुलांत एखादे फार लहान अथवा दुबळे मूल असले, म्हणजे त्याला घालवून न देता ‘लिंबूटिंबू’ किंवा ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेतले जाते. ते इतरांबरोबर धावते, ओरडते, शिवले गेले तरी बाद होत नाही आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर राज्य येत नाही. उर्वरित महाराष्ट्राप्रमाणे रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे ह्या तालुक्यांतही, खारेपाटातील गावे, डोंगराकडील वाड्या व बाजारपेठेच्या आळ्या ह्या सर्वांना हा संकेत परिचित आहे. कोणत्याही नियमावलीत न लिहिलेली अशी ही एक दयेची सोय होय आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु ही सोय एका गृहीतावर उभी आहे. आजचा लिंबूटिंबू वर्षा-दोन वर्षांत मोठा होईल, त्याला नियम कळू लागतील आणि मग तो इतरांसारखाच एक गडी होईल, असे खेळणारी मुले मनोमन धरून चालतात. ज्या मुलाचा विकासक्रम भिन्न आहे, त्याच्या बाबतीत हे गृहीत लागू पडत नाही. वय वाढते, उंची वाढते, पण खेळातील स्थान तेच राहते. दहाबारा वर्षांच्या सुमारास मुलांचे खेळही बदलतात. अंगणातील धावाधाव मागे पडून संघ, पंच, गुण आणि सामना ह्यांचा काळ येतो. ह्या नव्या व्यवस्थेत लिंबूटिंबूला जागाच नसते, आणि आतापर्यंत खेळात असलेले मूल मैदानाच्या रेषेबाहेर उभे राहू लागते. त्याला कोणी हाकललेले नसते. त्याला कोणी निवडलेले नसते, इतकेच. २०१७ साली प्रदर्शित झालेल्या एका मराठी चित्रपटाने विशेष मुलाच्या आईवडिलांची कथा सांगताना ‘कच्चा लिंबू’ हेच नाव घेतले, ते ह्या दृष्टीने फार नेमके होते.

ज्या मुलांचा येथे विचार करावयाचा आहे, त्यांना एका नावाखाली आणणे सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे. पूर्वी ज्यांना मतिमंद म्हणत व आता ज्यांच्या स्थितीस बौद्धिक अक्षमता म्हणतात, ती मुले एका बाजूस. बुद्धी साधारण अथवा तीव्रही असून दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेणे ज्यांना कठीण जाते, ती स्वमग्न मुले दुसऱ्या बाजूस. लँग्डन डाउन ह्या इंग्रज वैद्याने १८६६ साली वर्णन केलेल्या व पुढे त्याच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या लक्षणसमूहाची मुले निराळी. लिओ कॅनर ह्याने १९४३ साली बाल्टिमोर येथून ११ मुलांचे वृत्त प्रसिद्ध करून स्वमग्नतेचे पहिले शास्त्रीय चित्र रेखाटले. जॉर्ज स्टिल ह्या लंडनच्या बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन आढळते, की ज्यांची बुद्धी शाबूत आहे, पण ज्यांना स्वतःला आवरता येत नाही. आज त्यांतील पुष्कळांस अवधान-न्यूनता व अतिचंचलता ह्या सदरात घातले गेले असते. स्टिलने मात्र ह्या दोषाचे मूळ नैतिक नियंत्रणाच्या अभावात पाहिले. आपल्याकडे अशा मुलास व्रात्य, द्वाड किंवा वांड म्हणण्याचा प्रघात आहे; म्हणजे लंडनच्या वैद्याचे १९०२ मधील मत आणि गावातील मास्तरांचे मत ह्यांत फारसे अंतर नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही.

कायद्याने ह्या क्षेत्रात बरीच मजल मारली आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकार नमूद आहेत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन-अक्षमता आणि मेंदूचा पक्षाघात हे त्यांत येतात. त्याच्या कलम ३० ने क्रीडाविषयक कार्यात अशा व्यक्तींचा परिणामकारक सहभाग व्हावा म्हणून शासनाने उपाय योजावेत, असे सांगितले आहे. अतिचंचलता मात्र ह्या २१ प्रकारांत स्वतंत्रपणे नमूद नाही. परिणामी, ज्याच्यामुळे खेळाचा तास वारंवार बिघडतो आणि म्हणून ज्याला सर्वांत आधी मैदानाबाहेर बसविले जाते, तो मुलगा प्रमाणपत्रासही पात्र ठरत नाही आणि संघासही. त्याच्यापुरते पाहिले तर व्यायामशिक्षकाची समज हाच काय तो कायदा होय.

सांघिक खेळाचाच आग्रह का धरावा, धावणे किंवा पोहणे पुरेसे नाही काय, असा प्रश्न येथे रास्तपणे उपस्थित होईल. शरीराच्या आरोग्यापुरते ते पुरेसे आहे. अनेक स्वमग्न मुलांना पोहणे मनापासून आवडते आणि ते त्यांच्यापासून कोणी हिरावून घेऊ नये. परंतु सांघिक खेळात जे घडते ते एकट्याच्या व्यायामात घडत नाही. जॉर्ज हर्बर्ट मीड ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाचे विचार त्याच्या मृत्यूनंतर १९३४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात त्याने लहान मुलाची लुटुपुटीची क्रीडा आणि नियमबद्ध खेळ ह्यांत एक मार्मिक भेद केला आहे. लुटुपुटीत मूल एका वेळी एकच भूमिका घेते. कधी शिक्षक होते, कधी दुकानदार. नियमबद्ध खेळात मात्र त्याला इतर सर्वांच्या भूमिका एकाच वेळी मनात वागवाव्या लागतात. ह्यासाठी मीडने बेसबॉलच्या नऊ खेळाडूंचे उदाहरण घेतले. खोखोच्या मैदानातही एका बाजूचे नऊच गडी असतात, हा योगायोग मराठी वाचकास सोयीचा आहे: प्रत्येक गड्याने इतर आठ जण काय करतील हे ओळखावे, तेव्हाच त्याची स्वतःची हालचाल अर्थपूर्ण होते.

नेमकी हीच गोष्ट अनेक मुलांना जड जाते. १९८५ साली बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ ह्यांनी केलेला बाहुल्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. एक बाहुली आपली गोटी एका ठिकाणी ठेवून जाते. तिच्या पाठीमागे दुसरी ती हलवते. परत आलेली पहिली बाहुली गोटी कोठे शोधील, असा प्रश्न मुलांना विचारला गेला. २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी, गोटी जेथे प्रत्यक्ष होती तेच ठिकाण दाखविले. दुसऱ्याला ठाऊक असलेले आणि आपल्याला ठाऊक असलेले हे भिन्न असू शकते, हे त्यांच्या उत्तरात आले नाही. ह्या प्रयोगाच्या अर्थाविषयी पुढे पुष्कळ वाद झाला आणि सर्वच स्वमग्न मुलांना तो लागू नाही हेही स्पष्ट झाले. तथापि हुलकावणी देणे व ओळखणे हा ज्या खेळांचा प्राण आहे, त्या खेळांत अशा मुलांची कुचंबणा का होते, हे त्यावरून उमजते.

ह्यावरून त्या मुलांना सांघिक खेळापासून दूर ठेवावे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की ह्याने १९२० च्या दशकातच असे प्रतिपादिले होते, की मूळ दोष आणि त्या दोषामुळे समाजाशी तुटलेल्या संबंधातून उद्भवणारा दुय्यम दोष हे वेगळे ओळखले पाहिजेत. पहिल्यावर उपाय अवघड असला तरी दुसऱ्यावर तो शक्य असतो. ज्या मुलास संघात कधी घेतलेच नाही, त्याला संघात वागता येत नाही ह्यातील किती भाग त्याच्या मेंदूचा आणि किती भाग मैदानाबाहेर घालविलेल्या वर्षांचा, हे संधी दिल्यावाचून कसे ठरणार?

‘सांघिक खेळ’ ही एकच एक वस्तू नाही, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घ्यावयास हवी. प्रत्येक खेळ मुलाकडून निराळी मागणी करतो. कोणी थांबण्याची मागणी करतो, कोणी स्पर्श सहन करण्याची, कोणी तोलाची, कोणी हुलकावणी ओळखण्याची. म्हणून ‘हे मूल संघात खेळू शकेल काय’ ह्या प्रश्नापेक्षा ‘ह्या खेळातील कोणती मागणी ह्या मुलास अडते’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

खोखोचेच पाहू. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास ह्या खेळास नियमबद्ध रूप दिले. आठ गडी ओळीत आपापल्या चौरसात, एकाआड एक उलट दिशांना तोंडे करून बसतात. नववा पाठलाग करतो. बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणताच तो उठतो व त्याची जागा पाठलाग करणारा घेतो. पाठलाग करणाऱ्यास मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. स्वमग्न मुलाच्या दृष्टीने ह्या रचनेत अनेक अनुकूल गोष्टी आहेत. त्याची जागा जमिनीवर आखलेली आहे. तोंड कोणत्या दिशेस हे ठरलेले आहे. एकच शब्द आणि त्या शब्दाचा एकच अर्थ आहे. कोठे धावावयाचे नाही हेही रेषेने सांगितले आहे. फुटबॉलच्या मोकळ्या मैदानात ज्या शंभर गोष्टी अध्याहृत असतात, त्या येथे फक्कीने जमिनीवर लिहिलेल्या असतात. मात्र पाठीमागून अचानक पडणारा हात, हीच ह्या खेळाची खूण, अशा मुलास असह्य होऊ शकते. मागून येणाऱ्या हलक्या स्पर्शाने दचकून ते रडू लागते किंवा फटका मारते आणि मग ‘मारकुटे’ ठरते. उपाय अवघड नाही. सरावाच्या काळात दोन्ही संघांसाठी खो बाजूने, खांद्यावर ठाम हात ठेवून आणि गड्याचे नाव घेऊन द्यावा. ठाम दाब हा हलक्या स्पर्शापेक्षा पुष्कळ मुलांना सुसह्य वाटतो, असा ह्या क्षेत्रातील जाणकारांचा अनुभव आहे.

अतिचंचल मुलास ह्याच खेळात निराळी अडचण येते. त्याला धावणे नव्हे, बसणे कठीण. आठ जणांच्या ओळीत खो कधी येईल ह्याची वाट पाहत उकिडवे बसणे म्हणजे त्याच्या सर्वांत दुबळ्या शक्तीची परीक्षा होय. चौरस आठांऐवजी पाच केले आणि डाव लहान केला, तर खो लवकर लवकर फिरू लागतो आणि वाट पाहण्याचा काळ त्याच्या आवाक्यात येतो. जसजशी सवय होईल तसतसे चौरस वाढवावेत. येथे खेळ हा केवळ करमणूक न राहता थांबण्याचे शिक्षण होतो, आणि तेही उपदेशावाचून.

रायगड जिल्ह्यात मात्र खरा मान कबड्डीचा. पेण-रोह्याच्या पट्ट्यात शेकडो गावांची मंडळे आहेत आणि भातकापणी आटोपून शेते मोकळी झाली, की दिव्यांच्या उजेडात रात्र रात्र सामने रंगतात. हा खेळ अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन येथे जगाला दाखविला आणि १९९० पासून तो आशियाई क्रीडास्पर्धांत आहे. पण गावातील मुलास तो शाळेच्याही आधी भेटतो. म्हणूनच ज्या मुलास कबड्डीत स्थान नाही, त्यास गावातील मुलग्यांच्या जगातच स्थान नाही, असे ह्या भागात घडते.

अशा मुलांसाठी कबड्डी म्हणजे धसमुसळेपणा, असे समजून ती बाजूस सारली जाते. ह्या समजुतीत तथ्य आहे, पण ते अर्धेच. जुन्या हुतूतूचे तीन प्रकार सांगितले जातात: संजीवनी, गामिनी आणि अमर. आजची कबड्डी संजीवनीच्या वळणाची आहे; प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन परत येतो. गामिनीत बाद झालेला गडी, सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. अमर प्रकारात मात्र शिवला गेलेला गडी बाहेर जातच नाही. प्रतिपक्षास गुण मिळतो आणि तो खेळत राहतो. बाद करण्याच्या खेळांवर शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात एक सार्थ आक्षेप घेतला जातो, की ज्या मुलास सरावाची सर्वाधिक गरज, तेच सर्वांत आधी बाद होते आणि सर्वांत अधिक वेळ बसून राहते. गामिनीत हा दोष पराकोटीस जातो. अमर प्रकारात तो मुळीच नाही. पंचविशी-तिशीतील खेळाडूंना ज्याची आठवण राहिलेली नाही, असा हा जुना प्रकार भिन्न विकासक्रमाच्या मुलांसाठी जणू तयारच ठेवलेला आहे. तो लिंबूटिंबूच्या सवलतीपेक्षा मूलतः वेगळा आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे. लिंबूटिंबू बाद होत नाही, कारण त्याचा खेळ मोजलाच जात नाही. अमर हुतूतूत कोणीच बाहेर जात नाही आणि प्रत्येकाचा गुण मोजला जातो. पहिला अपवाद व्यक्तीला लागू होतो. दुसरा नियम खेळाला लागू होतो. मूल ह्या दोहोंतील फरक जाणते, मग ते बोलो वा न बोलो.

कबड्डीतील इतरही काही अंगे विचारार्ह आहेत. चढाई करणारा एकटाच असतो. त्या ३० सेकंदांत त्याने काय करावयाचे हे स्पष्ट असते. आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणावयाचा असतो. शब्दांची पुनरावृत्ती हा ज्या स्वमग्न मुलांचा स्वभावच आहे, त्यांना हा दम अवघड जाण्याचे कारण नाही. जे मूल बोलत नाही त्याने नुसता हुंकार चालू ठेवावा आणि पंचाने वेळ घड्याळावर मोजावी. बचावाच्या बाजूस साखळी असते. दोघे हातात हात धरून एकदमच पुढे सरकतात, एकदमच मागे येतात. प्रतिस्पर्ध्याची हुलकावणी ज्याला ओळखता येत नाही, त्याला जोडीदाराच्या हाताची ओढ समजते. डोळ्यांनी जे शिकता आले नाही, ते असे हाताने शिकता येते. पकड मात्र प्रारंभी पूर्णपणे वगळून केवळ स्पर्शावर गुण द्यावा. निदान रेषा ओलांडल्याची खात्री पंचाने बोटाने नव्हे, तर रंगीत झेंडीने द्यावी. शिट्टीचा कर्कश आवाज काही मुलांना कानात सुई टोचल्यासारखा होतो. रात्रीचे सामने, ध्वनिक्षेपक आणि डोळ्यांवर येणारे दिवे ह्यांपासून अशा मुलांचा खेळ निदान पहिली दोन वर्षे दूरच ठेवणे इष्ट.

लगोरीचा उल्लेख थोडक्यात केला तरी पुरे. त्यात फोडणारा, रचणारा व चुकविणारा अशी कामांची वाटणी होते आणि शांतपणे सात ठिकऱ्या रचणारा गडी संघास हवाच असतो. लंगडी ही सोपी समजली जाते, पण ज्या मुलांच्या शरीराच्या हालचालींत मेळ नाही, त्यांना एका पायावरचा तोल हीच सर्वांत मोठी अडचण ठरते. त्यांनी दोन्ही पायांनी उड्या मारीत पाठलाग केल्यास आणि तोच नियम सर्वांना लावल्यास काही बिघडत नाही. टेनिसच्या चेंडूने खेळले जाणारे क्रिकेट हे गावोगाव लोकप्रिय असले तरी ह्या कामी फारसे उपयोगी नाही. त्यात उभे राहणे पुष्कळ आणि करणे थोडे; लिंबूटिंबूच्या वाट्यास तर झुडपात गेलेला चेंडू आणून देणे एवढेच येते.

खेळ ठरविण्यापूर्वी वैद्यकीय बाजू पाहणे अवश्य आहे. डाउन लक्षणसमूहाच्या काही मुलांत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील बंध सैल असतात. अशा मुलाची मान झटक्याने वाकली तर मज्जारज्जूस इजा होण्याचा धोका असतो. म्हणून पकड, कोलांटउडी आणि डोक्यावर भार येईल अशी कोणतीही कसरत वैद्याचा सल्ला घेतल्यावाचून करू देऊ नये. ह्यांतील जवळजवळ निम्म्या मुलांत जन्मतः हृदयाचा दोष आढळतो, हेही विसरता कामा नये. अपस्माराचे झटके येणाऱ्या मुलास मैदानी खेळांची बंदी असण्याचे कारण नाही. परंतु झटका आल्यास त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि कांदा किंवा चप्पल हुंगविण्याच्या भानगडीत पडू नये, हे सोबतच्या गड्यांना आधी शिकविलेले असावे. फाल्गुनापासून पुढे खाडीकाठची दमट उष्णता वाढत जाते. काही औषधांमुळे उष्णता सहन करण्याची शक्ती घटते आणि तहान लागली हे काही मुलांना सांगता येत नाही. तेव्हा पाणी मागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी ते द्यावे.

महाराष्ट्रात अशा मुलांच्या शिक्षणाची परंपरा शहरांत सुरू झाली. मानखुर्द येथील बालगृह १९४१ चे, मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची, पुण्याची कामायनी १९६४ ची, नाशिकची प्रबोधिनी १९७७ ची. ह्या संस्थांनी मुलांना कोंडवाड्यातून वर्गात आणले. खेळाच्या क्षेत्रात जागतिक पातळीवर मोठे पाऊल पडले ते २० जुलै १९६८ रोजी, शिकागो येथे युनिस केनेडी श्रायव्हर ह्यांच्या पुढाकाराने भरलेल्या पहिल्या स्पेशल ऑलिंपिक स्पर्धांनी. २०२३ च्या जूनमध्ये बर्लिन येथे झालेल्या ह्याच स्पर्धांत भारताच्या खेळाडूंनी २०२ पदके मिळविली. ज्या शहरात १९३६ साली अमरावतीकरांनी हुतूतू दाखविला तेच हे शहर. पण ह्या स्पर्धांत मात्र कबड्डी नाही आणि खोखोही नाही. बोची नावाचा एक चेंडू गडगडविण्याचा खेळ आहे, जो गोट्या खेळणाऱ्या कोणाही मुलास पाहताक्षणी कळावा. गावातील मुलाने पदकासाठी परका खेळ शिकावा ह्यात गैर काही नाही. परंतु तो खेळ खेळावयास संध्याकाळी आळीत कोणी सोबती मिळत नाही, ही त्यातील उणीव आहे.

त्या चळवळीपासून दोन तत्त्वे मात्र जशीच्या तशी उचलण्याजोगी आहेत. पहिले, प्रतवारीचे. वय व लिंग ह्यांच्या जोडीने प्रत्यक्ष कामगिरी पाहून गट पाडले जातात आणि एका गटातील सर्वोच्च व किमान कामगिरीत सुमारे १५ टक्क्यांहून अधिक तफावत नसावी असा संकेत पाळला जातो. दुसरे, मिश्र संघाचे. अशा संघात जवळजवळ निम्मे गडी बौद्धिक अक्षमता असलेले व निम्मे ती नसलेले असतात, आणि ते वयाने व कौशल्याने शक्य तितके जवळचे निवडले जातात. ह्या दुसऱ्या तत्त्वामागे गॉर्डन ऑलपोर्ट ह्याने १९५४ मध्ये मांडलेला विचार दिसतो. दोन भिन्न गटांतील पूर्वग्रह नुसत्या सहवासाने जात नाहीत. दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते साधण्यासाठी परस्परांचे साहाय्य लागावे आणि वडीलधाऱ्यांचा त्यास पाठिंबा असावा, तेव्हाच ते ओसरतात. वर्गात एका बाकावर बसविल्याने ह्यांतील एखादी अट पुरी होते. साखळीत हात धरल्याने चारही होऊ शकतात.

परंतु येथे सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. मुझफ्फर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमा येथील शिबिरात २२ मुलांवर केलेल्या प्रसिद्ध निरीक्षणात असे दिसले, की दोन गटांत चढाओढीचे सामने लावताच वैर उत्पन्न होते आणि ते ओसरण्यास दोघांनाही एकत्र येण्यावाचून पुरे होणार नाही असे काम लागते. पेण-रोह्याच्या गावकीस हे सांगावयास अमेरिकन संशोधकाची गरज नाही. मंडळामंडळांतील ईर्ष्या येथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. बक्षिसाच्या सामन्यात मिश्र संघ उतरविला आणि शेवटच्या चढाईत तो हरला, तर दोष कोणावर येईल हे उघड आहे. म्हणून मिश्र संघांचा प्रारंभ शाळेच्या आत, संघ दर आठवड्यास नव्याने पाडून, ढाल-करंडकावाचून व्हावा. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकाचे साहाय्य तालुक्याच्या पातळीवर मिळू शकते. मैदानावर रोज हजर राहणारे मात्र गावातील मंडळाचे थोरले खेळाडूच. नववी-दहावीतला चांगला चढाई करणारा मुलगा जोडीदार म्हणून लाभला, तर त्याचा मान पाहून बाकीची मुले आपोआप वळणावर येतात. त्याला शिकवावयाचे ते एवढेच, की सूचना एका वेळी एक द्यावी, ती करून दाखवावी, सरावाचा क्रम रोज तोच ठेवावा, आणि मूल बिथरले तर त्याला ठरलेल्या झाडाखाली जाऊ द्यावे. तेथे जाणे ही शिक्षा नसावी आणि परत येण्यास कोणाच्या परवानगीची गरज नसावी.

मुलींचा प्रश्न अधिक बिकट आहे. भिन्न विकासक्रमाची मुलगी वयात येऊ लागली, की घरचे लोक तिच्या काळजीपोटी तिला अंगणातही पाठविनासे होतात, आणि ही काळजी अनाठायी असते असे म्हणता येत नाही. शाळेच्या आवारात, शिक्षिकेच्या देखरेखीखाली, इतर मुलींबरोबर खोखो हाच तिच्यापुरता व्यवहार्य मार्ग होय. आईने पहिले काही दिवस स्वतः येऊन मैदानाच्या कडेस बसावे.

अशा प्रयोगाचे फलित मोजावयाचे असल्यास जिंकणे-हरणे किंवा बुद्ध्यंक ह्यांचा उपयोग नाही. शिक्षकाने वहीत चार गोष्टी टिपाव्यात: मूल सलग किती मिनिटे रेषेच्या आत राहिले, त्याच्या वाट्यास किती चढाया वा किती खो आले, झाडाखाली गेल्यावर ते किती वेळाने आपणहून परतले, आणि शिक्षकाने न सांगता इतर मुलांनी त्याला किती वेळा नावाने हाक मारली. शेतातील भात निघाल्यापासून मृगाच्या पावसापर्यंत, म्हणजे नोव्हेंबर ते मे, परीक्षांचे दिवस वगळून, सुमारे सहा महिन्यांची अशी नोंद दोन्ही तालुक्यांतील कोणत्याही शाळेस ठेवता येण्यासारखी आहे. त्यासाठी फक्की, घड्याळ, दोन रंगांच्या झेंड्या आणि एक शंभर पानी वही एवढेच साहित्य लागते. चौथ्या रकान्यातील आकडे सर्वांत आधी पाहावेत.